विधेयक सभागृहात असताना

'नवा कायदा झाला' असे वर्तमानपत्रात आले की आमच्या संघटनेच्या कचेरीत माणसे येऊ लागतात. कोणी विचारतो, आता रजा कमी होणार काय? कोणी विचारतो, फंड जास्त कापणार म्हणतात, खरे का? गेली तीस वर्षे आम्ही हे पाहत आलो आहोत. कायदा होण्यापूर्वी मात्र कोणी येत नाही. विधेयक सभागृहापुढे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे असते. त्यावर समिती बसते. समिती लोकांना 'सूचना पाठवा' म्हणून जाहिरात देते. आणि त्या साऱ्या काळात आमच्या कचेरीतला बाक रिकामा असतो. लग्न लागून गेल्यावर स्थळाची चौकशी करावी, तसा हा प्रकार आहे.

या व्याख्यानमालेच्या चालकांनी 'संसदेपुढील नवे कायदे' या विषयावर बोलाल काय, असे विचारले तेव्हा आम्ही विषय थोडा वळवून घेतला. कोणते विधेयक आज कोठवर आले आहे ही माहिती उद्या शिळी होते. विधेयक वाचावे कसे, ते कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर तुम्हा-आम्हांला कोठे उभे राहता येते, ही माहिती टिकते. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. नववीनंतर शाळा सुटली आणि औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो. कायदा शिकलो तो नगर वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा या लेखात कोणी पांडित्य शोधू नये. ठेचा खाऊन जे कळले ते येथे मांडले आहे.

एका आकड्याची गोष्ट

१९९८ साली आमच्या वसाहतीत पत्रा दाबण्याच्या प्रेसवर काम करणाऱ्या एका बावीस वर्षांच्या मुलाची उजव्या हाताची तीन बोटे गेली. प्रेसला जाळी नव्हती. आम्ही तक्रार घेऊन निरीक्षकांकडे गेलो. हजेरीपट मागविला, तो त्यावर नऊच नावे निघाली. प्रत्यक्षात त्या छपराखाली चौदा जण राबत होते. उरलेले पाच जण मालकाच्या भावाच्या नावे असलेल्या शेजारच्या गाळ्यात दाखविलेले होते. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे विजेवर काम चालत असेल आणि दहा किंवा अधिक कामगार असतील, तर तो 'कारखाना'. नऊ असतील तर कायद्याच्या लेखी तो नुसता गाळा. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा असलाच पाहिजे असे त्या अधिनियमाचे २१ वे कलम सांगत होते. पण ते कलम त्या गाळ्याच्या उंबरठ्याशीच थांबले. नुकसानभरपाईचा कायदा निराळा असल्यामुळे दावा चालला आणि चार वर्षांनी पैसे मिळाले. पैसे हाती घेताना मुलाची आई म्हणाली, "भाऊ, पैसे मिळाले ते ठीक झालं. पण हा दहाचा आकडा ठरवला कोणी?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. ती रुखरुख मनात घेऊन आम्ही वाचनालयात बसलो, तेव्हा जे सापडले ते असे. हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ साली शंभराचे पन्नास झाले. १९२२ साली पन्नासाचे वीस झाले. १९४८ साली, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांपुरते, विसाचे दहा झाले. शंभरावरून दहावर यायला सदुसष्ट वर्षे लागली. यातील प्रत्येक पायरीवर एक विधेयक होते आणि त्या विधेयकाभोवती माणसे उभी होती. मुंबईचे गिरणीमालक होते. आपल्या मालाला स्पर्धा नको म्हणून येथील गिरण्यांवर निर्बंध मागणारे लँकेशायरचे कारखानदार होते. आणि हळूहळू कामगारही होते. आकडा आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी मसुद्यात लिहितो, दुसरा कोणी तो खोडायला सांगतो, आणि ज्याचा आवाज त्या वेळी तेथे पोहोचतो त्याचा आकडा राहतो.

हा प्रवास १९४८ ला संपलाही नाही. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेत 'कारखाना' म्हणण्यासाठीचा आकडा दहाचा वीस झाला, आणि वीज नसलेल्या ठिकाणी विसाचा चाळीस झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना त्या संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी लागू होतात, आणि धोक्याच्या उद्योगांत त्याहून लहान ठिकाणीही शासन ती लागू करू शकते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जे नियम केवळ 'कारखान्या'साठी आहेत त्यांचा उंबरठा आता विसावर गेला आहे. ज्याच्या छपराखाली चौदा माणसे राबतात, त्याला आता पाच नावे शेजारच्या गाळ्यात लपविण्याचे कारण उरलेले नाही.

विधेयक वाचावे कसे

विधेयक म्हणजे कायद्याचा सभागृहापुढे ठेवलेला मसुदा. त्याची भाषा रुक्ष असते हे खरे. पण सात-बाराचा उतारा वाचणारा शेतकरी आणि पगारपत्रक वाचणारा कामगार ज्या देशात आहेत, तेथे विधेयक वाचता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. आमची रीत अशी की विधेयक शेवटून वाचावे. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. हे विधेयक का आणले, हे मंत्री तेथे आपल्या सहीने सांगतात. त्यानंतर वित्तीय ज्ञापन असते. यापायी सरकारी तिजोरीतून काय खर्च होणार ते त्यात असते. एखादे विधेयक कामगारांना मोठमोठ्या सोयी देऊ करीत असेल आणि वित्तीय ज्ञापनात खर्चाचा मागमूस नसेल, तर त्या सोयी कोठून येणार हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा. तिसरे ज्ञापन असते ते, कोणकोणत्या बाबतीत नियम करण्याचा अधिकार शासनाकडे सोपविला आहे, हे सांगणारे. ते सर्वांत कंटाळवाणे असते आणि सर्वांत महत्त्वाचेही असते.

मग पुढे यावे आणि व्याख्यांचे कलम वाचावे. ते बहुधा दुसरे कलम असते. 'कामगार' कोण, 'मालक' कोण, 'वेतन' म्हणजे काय, हे तेथे ठरते. पुढच्या शंभर कलमांत कामगाराला काहीही दिलेले असो, व्याख्येतून जो गळला त्याला त्यातले काही मिळत नाही. वेतन संहिता, २०१९ मधली वेतनाची व्याख्याच घ्या. घरभाडे, प्रवास इत्यादी वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरावा असे ती सांगते. मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे दाखवून फंड व उपदान कमी करण्याची जी रीत पडली होती, तिच्यावर हा उपाय आहे. फंड आणि उपदान ज्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, तिच्यातही वेतनाची व्याख्या याच धर्तीची आहे. सारा फरक व्याख्येच्या एका परिच्छेदात आहे.

त्यानंतर तीन शब्दांवर बोट ठेवून वाचावे. पहिला शब्द 'परंतु'. कलमाने एका हाताने दिलेले पुष्कळदा 'परंतु'ने दुसऱ्या हाताने परत घेतलेले असते. दुसरा शब्द 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे'. याचा अर्थ, हे आम्ही आज सांगत नाही, पुढे नियमांत सांगू. तिसरा शब्द 'सूट'. शासनास एखाद्या आस्थापनेला या तरतुदींतून सूट देता येईल, असे कलम बहुतेक विधेयकांत मागच्या अंगाला असते. पाहुण्यासाठी पुढचे दार आणि घरच्यांसाठी परसदार, असा तो बेत असतो.

विधेयकाची वाट

मसुदा मंत्रालयात तयार होतो. तो मंत्रिमंडळापुढे नेण्याआधी किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, असे धोरण केंद्र शासनाने २०१४ साली स्वीकारले. हे धोरण आहे, कायदा नव्हे. त्यामुळे ते पाळले नाही म्हणून कोणावर दावा लावता येत नाही. तरीही ज्या मसुद्याबाबत ते पाळले जाते, तेथे सामान्य माणसाला पहिली संधी याच तीस दिवसांत मिळते.

पुढे विधेयक सभागृहात मांडले जाते. याला पहिले वाचन म्हणतात आणि यात बहुधा चर्चा होत नाही. दुसऱ्या वाचनात खरे काम असते. आधी विधेयकाच्या तत्त्वांवर चर्चा होते. सभागृहाला वाटले तर ते समितीकडे पाठविले जाते. नंतर एकेक कलम घेऊन त्यावर दुरुस्त्या येतात आणि मते घेतली जातात. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक संमत करावे की नाही एवढेच ठरते. मग ते दुसऱ्या सभागृहात जाते. दोन्ही सभागृहांचे न जुळल्यास संयुक्त बैठक बोलावता येते. पण आजवर अशा बैठकीत तीनच विधेयके संमत झाली: १९६१ चे हुंडाबंदीचे, १९७८ चे बँक सेवा आयोग रद्द करण्याचे आणि २००२ चे दहशतवादविरोधी. विधेयक 'धनविधेयक' असेल तर राज्यसभेला केवळ शिफारशी करता येतात, आणि त्याही चौदा दिवसांत. शेवटी राष्ट्रपतींची संमती. राष्ट्रपतींना धनविधेयक सोडून इतर विधेयक फेरविचारासाठी परत पाठविता येते. मात्र संसदेने ते पुन्हा संमत केले तर संमती द्यावीच लागते.

या वाटेवरचा आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मुक्काम म्हणजे समिती. निरनिराळ्या खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या संसदेने १९९३ साली स्थापन केल्या. आज त्या चोवीस आहेत. प्रत्येकीत एकतीस सभासद, एकवीस लोकसभेचे आणि दहा राज्यसभेचे. समितीचे काम बंद दाराआड चालते. तेथे प्रेक्षक नसतात आणि दूरदर्शनचा कॅमेराही नसतो, म्हणून सभासद पुष्कळदा पक्ष बाजूला ठेवून बोलतात. समिती मालकांच्या संस्थांना बोलावते, कामगार संघटनांना बोलावते, आणि जाहिरात देऊन कोणाही नागरिकाकडून लेखी निवेदने मागविते. मुदत बहुधा दोन आठवड्यांची असते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत मागतात. येथे मराठी माणसाची एक अडचण सांगितली पाहिजे. विधेयक त्याच्यापर्यंत हिंदीत किंवा इंग्रजीत येते. मराठीतला अधिकृत पाठ निघतो तो कायदा झाल्यानंतर. ही फट भरून काढण्याचे काम वाचनालयांनी, व्याख्यानमालांनी आणि संघटनांनी करावयाचे आहे.

दुःखाची गोष्ट अशी की समितीकडे जाणारी विधेयके कमी होत गेली. विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या पी. आर. एस. या संस्थेच्या गणतीप्रमाणे, २००९ ते २०१४ या पंधराव्या लोकसभेत शंभरांपैकी एकाहत्तर विधेयके समितीकडे गेली होती. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेत शंभरांपैकी सोळाच गेली. समितीकडे विधेयक गेले नाही, की नागरिकाने निवेदन द्यावयाचे ठिकाणच उरत नाही.

विधेयकाला मरणही असते. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयके लयास जातात. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, म्हणून तेथे मांडलेले आणि लोकसभेने अद्याप न पाहिलेले विधेयक जिवंत राहते. महिलांसाठी राखीव जागांचे विधेयक १९९६ साली प्रथम आले आणि लयास गेले. पुढे पुन्हा दोनदा आले आणि गेले. २००८ साली ते मुद्दाम राज्यसभेत मांडले. २०१० च्या मार्चमध्ये राज्यसभेने ते संमत केले, पण तेथून ते लोकसभेच्या दारी येऊन थांबले आणि २०१४ साली लोकसभेबरोबर तेही संपले. २०२३ साली नव्या विधेयकाने ती घटनादुरुस्ती झाली. पहिल्या विधेयकापासून सत्तावीस वर्षे.

मंत्री नसलेल्या सभासदालाही विधेयक मांडता येते. त्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. अशी चौदाच विधेयके आजवर कायदा झाली आणि १९७० नंतर एकही झाले नाही. तरी ती वाया जातात असे नव्हे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे एका सभासदाचे विधेयक राज्यसभेने २०१५ साली संमत केले. लोकसभेत ते पार पडले नाही. पण विषय सरकारला टाळता आला नाही आणि २०१९ साली सरकारी कायदा झाला. त्या कायद्यावर त्याच समाजाने आक्षेप घेतले, तो भाग निराळा.

पाच दिवसांत चारशे कलमे

आता आमच्या घरची गोष्ट. कामगारांविषयीचे एकोणतीस केंद्रीय कायदे गुंडाळून त्यांच्या चार संहिता करावयाच्या, असे शासनाने ठरविले. वेतनाची संहिता २०१९ साली संमत झाली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या तिन्हींची विधेयके २०१९ सालीच मांडली गेली आणि श्रमविषयक स्थायी समितीकडे गेली. समितीने साक्षी घेतल्या, अहवाल दिले. येथपर्यंत रीतसर झाले. त्यानंतर ती तिन्ही विधेयके मागे घेऊन १९ सप्टेंबर २०२० रोजी नवी तीन मांडली गेली. २२ सप्टेंबरला लोकसभेने आणि २३ सप्टेंबरला राज्यसभेने ती संमत केली. तिन्ही मिळून चारशेहून अधिक कलमे. बहुतेक विरोधी पक्षांचा त्या दिवसांत सभागृहावर बहिष्कार होता, आणि बाहेर साथीमुळे चार माणसांना एकत्र जमण्याचीही चोरी होती.

नव्या मसुद्यात काय बदलले होते, ते एका उदाहरणाने पाहू. कामगार कपात करावयाची किंवा कारखाना बंद करावयाचा तर शासनाची पूर्वपरवानगी किती कामगारांच्या कारखान्याला लागावी? ही तरतूद १९७६ साली आली तेव्हा आकडा तीनशे होता. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने तो शंभर झाला. २०१९ च्या विधेयकात शंभरच होता, पण पुढे 'किंवा समुचित शासन अधिसूचनेने ठरवील तो' अशी पुस्ती होती. समितीने सांगितले की ही पुस्ती काढा. मात्र आकडाही तीनशे करा. २०२० च्या विधेयकात तीनशे आले, आणि पुस्तीही राहिली: 'किंवा त्याहून मोठा जो आकडा शासन ठरवील तो'. स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या लेखी अटींचा, आकडाही शंभराचा तीनशे झाला. समिती म्हणजे कामगाराचा कैवारी असे आम्ही म्हणत नाही, हे यावरून दिसेल. आम्ही एवढेच म्हणतो की समितीत आकडा बोलला गेला, कागदावर आला, आणि आपण त्याचा माग काढू शकतो.

या संहितांत कामगाराच्या पदरात काहीच पडले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र मिळाले पाहिजे, असे आता कलम आहे. ठराविक मुदतीच्या नोकरांना एका वर्षानंतर उपदान मिळते. मोबाइलवरून सामान पोहोचविणारी आणि गाड्या चालविणारी मुले कायद्याच्या व्याख्येत प्रथमच आली. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, पण ती या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, असे ठरले. दुसऱ्या बाजूला, संपाची चौदा दिवस आधी नोटीस पूर्वी सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती होती, ती आता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. हे सारे तोलून पाहण्याजोगे होते, आणि तोलायला वेळ लागतो. गंमत अशी की पाच दिवसांत संमत झालेल्या या संहिता अमलात यायला मात्र पाच वर्षे लागली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही अमलात आल्या.

या पाच वर्षांत काय चालले होते? नियम. कायदा संसद करते, नियम शासन करते. श्रम हा विषय समवर्ती सूचीत असल्यामुळे केंद्राचे नियम वेगळे आणि राज्याचे वेगळे. नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि तीस किंवा पंचेचाळीस दिवसांत हरकती मागविल्या जातात. विधेयकात 'विहित करण्यात येईल' असे जेथे जेथे म्हटले होते, तेथील रिकाम्या जागा या नियमांत भरल्या जातात. विधेयक हातचे गेले म्हणून जो घरी बसला, त्याने ही दुसरी संधीही घालविली.

आमच्या आधीची माणसे

हे सारे शिकल्यासवरल्या माणसांचे काम आहे, असे कोणी म्हणेल. त्याने नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करावी. १८८४ साली मुंबईत कारखान्यांची चौकशी करणारे कमिशन बसले असता लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनकडे दिला. त्या अर्जातल्या मागण्या पाहा. आठवड्यातून रविवारची एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी. सह्या करणाऱ्यांत अंगठा उठविणारे किती असतील ते असोत. पण मागणीत वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. मसुदा लिहिणाऱ्याला उचलून कलमात घालता येईल अशी ती मागणी होती. १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली.

दुसरे नाव नारायण मल्हार जोशी यांचे. मद्रासमध्ये गिरणीमालकांनी संघटनेच्या पुढाऱ्यांवर न्यायालयातून मनाई हुकूम आणला, तेव्हा संघटना करणे हाच गुन्हा ठरतो की काय अशी स्थिती आली. १९२१ साली जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांना संरक्षण देणारा कायदा करावा असा ठराव आणला. कायदा झाला तो १९२६ साली. त्या विधिमंडळात ते निवडून आलेले नव्हते, कामगारांच्या वतीने नेमलेले होते. पाठीशी बहुमत नव्हते. पाच वर्षे चिकाटी मात्र होती.

तिसरी आठवण ७ नोव्हेंबर १९३८ ची. मुंबई प्रांताच्या विधानसभेपुढे औद्योगिक कलहाचे विधेयक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहात त्याला विरोध केला आणि सभागृहाबाहेर स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक त्यामुळे थांबले नाही. पण संपाच्या हक्काविषयी बाबासाहेबांनी तेव्हा केलेला युक्तिवाद आजही आमच्या हाती आहे, तो त्यांनी विधेयक वाचून केला होता म्हणून.

आपण काय करावे

आमची स्वतःची चूक सांगून मगच उपदेश करतो. काही वर्षांपूर्वी एका विधेयकावर निवेदने मागविल्याचे कळताच आम्ही चार पानांचे पत्र पाठविले. त्यात 'काळा कायदा', 'भांडवलदारांचे षड्‌यंत्र', 'हाणून पाडू' असे सर्व काही होते. पत्र डाकेत टाकून झाल्यावर एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "काका, यात कलमाचा नंबर कुठे आहे?" नव्हताच. त्या पत्राचे समितीने काय करावे? मोर्च्यातली भाषा मोर्च्यात शोभते. मसुद्यापुढे मसुद्याचीच भाषा लागते.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. नियमांचा मसुदा निघाला तेव्हा आठ संध्याकाळी चाळीस जण कचेरीत बसले. एकाने इंग्रजी वाचायचे, दुसऱ्याने मराठीत सांगायचे, बाकीच्यांनी आपल्या कामाशी ताडून पाहायचे. मग तीन पानांचे निवेदन लिहिले. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी: कोणता नियम, आज त्यात शब्द काय आहेत, त्याऐवजी कोणते शब्द हवेत, आणि का. अशाच रीतीने आपला खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्याकडे कलमाची तयार दुरुस्ती घेऊन जावे. सभागृहापुढील विधेयकाविषयी नागरिकांना लोकसभेकडे विनंतीअर्जही करता येतो; त्यावर एका सभासदाची प्रतिस्वाक्षरी लागते. आणि विधेयके संसदेच्या संकेतस्थळावर असतात. शाळकरी मुलाकडून काढून घ्यावीत, वाचनालयात एक प्रत लावावी.

आमच्या त्या निवेदनाला उत्तर आले नाही. नियमांत आमचे शब्द आले असेही आम्ही म्हणत नाही. पण त्या आठ संध्याकाळी बसलेल्यांत पॅकिंग खात्यातली एक बाई होती. चौथी शिकलेली. नेमणूकपत्राचे कलम तिने ऐकून ठेवले होते. संहिता अमलात आल्यावर तिने मालकाकडे नेमणूकपत्राची लेखी मागणी केली, आणि तिच्यामागून अकरा जणींनी केली. सोळा वर्षे नोकरी करून कागदावर नाव नसलेल्या त्या बायकांना आपण कोठे उभ्या आहोत हे त्या दिवशी प्रथम कळले.

१९९८ साली त्या मुलाच्या आईने विचारलेला प्रश्न आम्ही आता प्रत्येक अभ्यासवर्गाच्या पहिल्या संध्याकाळी फळ्यावर लिहितो. हा आकडा ठरवला कोणी? खाली तारीख घालतो, आणि त्या वेळी जे विधेयक किंवा ज्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला असेल, त्याची शेवटची मुदत लिहितो. मग वाचायला बसतो.